गोसीखुर्दचे पाणी आणि मालवणचा समुद्र
नळी लावून पाण्याखालचे जग पाहायचे, तर पहिली उडी कुठे घ्यावी?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचा पाया घातला गेला. इंदिरा सागर हे त्याचे कागदावरचे नाव. लोकांच्या तोंडी मात्र गोसीखुर्दच. तेहतीस दरवाजे, आणि त्यांच्या वरच्या अंगाला नजर पोचेल तिथपर्यंत पाणीच पाणी. पाणी साठू लागल्यापासून सुटीच्या दिवशी माणसांचा ओघ इकडे वाढला आहे. शासनानेही येथे जलपर्यटन उभारण्याची योजना हाती घेतली आहे. त्यामुळे गावागावांतली तरुण पोरे आता एक प्रश्न हमखास विचारतात. चित्रात दाखवतात तसे डोळ्यांना काच आणि तोंडात नळी लावून पाण्याखालचे मासे पाहता येतात म्हणे. मग ते आपल्या धरणात का नाही?

प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर नीट समजले, तर महाराष्ट्रात कुठे जावे, कोणत्या महिन्यात जावे, कोणत्या तिथीला पाण्यात उतरावे, हे सारे आपोआप उमगते. धान घरात आले, चुरणी आटोपली की चार दिवसांची सवड मिळते. अशा सवडीत कोकणात जाणारी कुटुंबे आता आपल्या भागातही दिसू लागली आहेत. त्यांच्यासाठी ही माहिती.

नळी आणि काच

या खेळाला स्नॉर्कलिंग म्हणतात. यात खोल बुडी मारायची नसते. पाण्यावर पालथे पडून तरंगायचे, तोंड पाण्यात, नळीचे वरचे टोक हवेत, आणि सावकाश खाली बघत राहायचे. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जातात ते स्कूबा डायव्हिंग; ते वेगळे.

काच कशाला लागते? उघड्या डोळ्यांनी पाण्यात पाहिले की सारे धूसर दिसते, कारण आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. डोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा थर ठेवला की चित्र स्वच्छ होते. मात्र प्रकाश वाकत असल्यामुळे वस्तू जवळ आणि मोठी दिसते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर असल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्यांदा पाहणारा माणूस हात पुढे करतो आणि हाती काहीच लागत नाही.

नळीची गंमत आपल्याकडच्या पोरांना ठाऊक आहे. बोडीत पोहताना कमळाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली बसायचा खेळ अनेकांनी खेळला असेल. पण देठ लांब घेऊन फार खाली गेले तर दम लागतो. पाण्याचा भार छातीवर पडतो आणि फुप्फुसांना वरची हवा ओढता येत नाही. शिवाय लांब नळीत सोडलेली शिळी हवाच परत आत येते. म्हणून विकतची नळी साधारण ४० सेंटिमीटरची, म्हणजे हातभरही नसते.

धरणात का नको?

गोसीखुर्दचे पाणी वरून कितीही निळे दिसले, तरी ते नदीचे अडवलेले पाणी आहे. पावसाळ्यात वैनगंगा माती घेऊन येते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. त्या घाणीमुळे आणि जलपर्णीमुळे इथले लोक कित्येक वर्षे तक्रार करीत आले आहेत. अशा पाण्यात काच लावून उतरले तरी हातापलीकडचे दिसायचे नाही, आणि ते पाणी तोंडात गेले तर दुखणे विकत घेतल्यासारखे होईल.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. समुद्राच्या तळाशी खडक असतो, वाळू असते. या धरणाच्या तळाशी आपली गावे आहेत. पाण्याखाली विहिरी आहेत, घरांच्या भिंती आहेत, बांध्यांच्या पाळी आहेत, न तोडता राहून गेलेली झाडे आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला विहिरीत जाऊ शकतो. फांदीत, तारेत किंवा जुन्या जाळ्यात पाय अडकू शकतो. दरवाजे उघडले-मिटले की पाण्याची पातळी बदलते. धरणाच्या खालच्या अंगाला तर कोरड्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाभोवती पाणी कधी चढले ते कळत नाही. पाण्याबरोबर जन्म काढलेला ढिवरसुद्धा अनोळखी जागी डोंगा घालताना आधी बांबूने ठाव घेतो. मग शहरातून नवा चष्मा घेऊन आलेल्या पोराने काय करावे, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांची घरे त्या पाण्यात गेली, त्यांना तर हे पाणी पाहण्याची मौज वेगळीच सांगावी लागत नाही. खाली काय आहे हे त्यांना नळी न लावताही दिसते.

तेव्हा गोसीखुर्दला यावे ते काठावरून पाणी बघायला, थंडीत पक्षी बघायला, परवान्याच्या नावेतून जाकीट घालून फिरायला. वरच्या अंगाला अंभोऱ्याचा नद्यांचा संगम आणि चैतन्येश्वराचे देऊळ आहे. पवनीचा जुना किल्ला आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष जवळच आहेत. एक दिवस भरून जाईल एवढे इथे आहे. पाण्याखाली पाहायचे तर मात्र समुद्र गाठावा.

चार कसोट्या

नवख्याने पाणी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पाणी उथळ असावे. तळ दिसावा, पण पाय खडकाला लागू नयेत, असे दीड-दोन पुरुष. पाणी शांत असावे. लाट आणि ओढ दोन्ही कमी. पाणी स्वच्छ असावे, नाहीतर पाहायचे काय? आणि चौथी, सर्वांत मोठी कसोटी अशी, की त्या पाण्याशी रोजची ओळख असलेला माणूस आपल्याबरोबर पाण्यात असावा. होडीत बसून हाका मारणारा नव्हे, पाण्यात.

या कसोट्या जगभर सारख्याच. क्रिकेटमुळे वेस्ट इंडीजची बेटे आपल्याला माहीत आहेत. त्या कॅरिबियन समुद्रात मोठाली प्रवासी जहाजे रोज एका बेटाला लागतात. उतारूंना काही तास मिळतात, आणि त्यातले कित्येक आयुष्यात पहिल्यांदा नळी लावणारे असतात. जाणते लोक त्यांना सांगतात, की पहिल्या दिवशी भर समुद्रातल्या खडकावर जाऊ नका; वाळूवरून चालत उतरता येईल असा आडोशाचा उपसागर धरा. सेंट जॉन बेटावरच्या ट्रंक बे या किनाऱ्यावर तर पाण्याखाली खुणेच्या पाट्या लावून पाहणाऱ्यांसाठी वाटच आखली आहे. ग्रँड केमन बेटापाशी कंबरभर पाण्यातल्या वाळूच्या दांड्यावर उभे राहून वाघोळी जातीचे चपटे मासे पाहता येतात. तिथे आपण जाणार नाही. पण शहाणपण तेच आहे.

आपला पर्याय : मालवण

महाराष्ट्रात या चारही कसोट्यांना बऱ्यापैकी उतरणारी जागा एकच, आणि ती म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले मालवण. शिवाजी महाराजांनी १६६४ साली इथल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. १६६७ मध्ये ते पुरे झाले. किल्ल्याभोवतीचा समुद्र पाण्याखालच्या खडकांनी भरलेला आहे. वाट माहीत नसलेले जहाज तिथे फुटायचे. किल्ल्याचे निम्मे संरक्षण या खडकांनीच केले. आज त्याच खडकांवर प्रवाळ वाढलेले आहे, आणि प्रवाळ आहे तिथे मासे आहेत.

हा भाग १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. आपल्या धरणाचा पाया घातला गेला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण पाणी सरकारी झाले की आपले पोट कुठे जाणार, ही भीती त्यांनाही होती. आता त्याच गाबीत घरांतली पोरे जाळ्याबरोबर पर्यटकांची होडीही चालवतात आणि नवख्यांना पाण्याखालचे जग दाखवतात.

मालवण परिसरातही सगळी पाणी एकसारखी नाहीत. ती एकेक पाहू.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे खडक ही नवख्याची पहिली जागा. मालवणच्या धक्क्यापासून होडीचा प्रवास थोडा. किल्ला आणि खडक यांचा आडोसा मिळतो, त्यामुळे बरा दिवस असेल तर पाणी डोलते, उसळत नाही. खाली धानाच्या पुंजण्यासारखे गोल गोल प्रवाळाचे ढीग दिसतात. काहींवर मेंदूसारख्या वळ्या असतात. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले लहान मासे थव्याने फिरतात. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला मासा खडक खरवडून खाताना दिसतो. कान पाण्यात असले की त्याचे कुरतडणे ऐकूही येते. हे पाणी लक्षद्वीपसारखे काचेगत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. काही हातांपर्यंत नीट दिसते, पुढे हिरवट पडदा. पण पहिल्या वेळी तेवढेही पुष्कळ होते.

तारकर्लीचा किनारा मालवणपासून जवळच. वाळू पांढरी, पाणी सुंदर; पण तळाशी वाळूच असल्याने नळी लावून पाहण्यासारखे थोडे, आणि लाटा थेट किनाऱ्यावर फुटतात. इथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. ज्याला पद्धतशीर शिकायचे आहे, त्याने तिथे चौकशी करावी.

देवबागचा संगम पाहायला जरूर जावे. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते. पण नदी आणि समुद्र भेटतात तिथे पाण्याला ओढ असते. भरती-ओहोटीबरोबर ती दिशा बदलते. नदीच्या गाळाने पाणी गढूळही असते. वाळूच्या दांड्यावर कंबरभर पाण्यात उभे राहणे वेगळे आणि तोंड पाण्यात घालून तरंगणे वेगळे. खाली बघता बघता माणूस कुठे वाहत गेला ते त्याचे त्यालाच कळत नाही. तिथे नळी नको.

निवतीच्या बाजूचे भर समुद्रातले खडक अनुभवी माणसासाठी. पाणी अधिक स्वच्छ, पण खोल आणि मोकळे. आंग्रिया बँक हे नाव कानावर येईल. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत असलेले ते बुडालेले पठार आहे, आणि त्याचा माथाच सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे. ते नळीचे काम नव्हे.

गोव्यात मुरगावजवळच्या ग्रांदे बेटाकडेही होड्या जातात. होडीचा प्रवास लांब आणि गर्दी फार. ज्याला होडी लागते त्याने विचार करावा.

पंचांग उघडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, त्यातही डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यानंतर नद्यांचा गाळ खाली बसायला वेळ लागतो. मार्चनंतर वारा वाढतो. पावसाळ्यात हे सारे बंदच असते, आणि कोणी गुपचूप नेतो म्हणाला तरी जाऊ नये.

दिवसात सकाळची वेळ धरावी. दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो आणि पाणी हलू लागते.

आणि तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते. पाणी फार चढते, फार उतरते, ओढ जोराची असते आणि तळाचा गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास भरती मंद असते. कोकणात तिला भांगाची भरती म्हणतात. कोकणातल्या लोकांचे एक सोपे गणित आहे: तिथीच्या पाऊणपट वाजले की भरती. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती पुरी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. यावरून पाहिले तर नवमी-दशमीची सकाळ उत्तम: उधाण नाही, पाणी भरलेले, खडकावर पुरेशी खोली आणि वारा सुटायला अवकाश. गाडीचे आरक्षण करण्याआधी घरातले पंचांग उघडावे. पेरणीसाठी आपण ते उघडतोच.

होडीत बसण्यापूर्वी

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. पावसाळा तोंडावर आला होता. तेव्हा घासाघीस पैशांची करण्याआधी प्रश्न विचारावेत. होडीला परवाना आहे का? किती माणसांचा? आज किती बसवणार? प्रत्येकाला जाकीट आहे का, लहान पोराच्या मापाचे आहे का? मी पाण्यात असताना माझ्याबरोबर कोण उतरणार? पाणी बरे नसेल तर पैसे परत मिळतील का? या शेवटच्या प्रश्नाला जो शांतपणे हो म्हणतो तो भला माणूस समजावा. पैसे परत द्यायचे नसले की खराब पाण्यातही माणसे उतरवली जातात. उत्तरे देताना जो चिडतो, त्याची होडी सोडून द्यावी. आणि नाखवा स्वतःच म्हणाला की आज पाणी बरे नाही, तर त्याच्याशी वाद घालू नये. पाचशे कोस प्रवास करून आलो म्हणून समुद्र ऐकत नाही.

जाकीट सर्वांनी घालावे. वैनगंगा पोहून पार करणाऱ्या गड्यानेही. पोहता येत नसेल तरी जाकिटाने माणूस तरंगतो, आणि खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा अधिक सहज तरंगतो. दमा, हृदयविकार, फिट्स, कान वाहणे यांपैकी काही असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर होडीतूनच किल्ला पाहावा. दारू प्यायलेल्याला पाण्यात उतरवू नये, मग तो जावई का असेना.

बायकांनी साडी किंवा ओढणी घेऊन उतरू नये. ती पायांत गुंडाळते. अंगाबरोबर बसणारा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पायजमा सर्वांनाच चांगला. पालथे पडून राहिल्याने पाठ, मान आणि पोटऱ्या उन्हाने भाजतात.

काचेचे माप घेण्याची युक्ती सोपी आहे. पट्टा न लावता चष्मा तोंडावर टेकवावा आणि नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर चष्मा चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. मिशीवाल्यांचा चष्मा गळतो. मिशीला थोडे व्हॅसलीन लावले की गळती कमी होते. काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात. किळस वाटेल, पण उपाय खरा आहे. नळीत पाणी आले तर घाबरून मान वर काढू नये. चुलीत फुंकतो तसे जोरात फुंकावे, पाणी उडून जाते. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला वेळ लागतो. म्हणून होडीची शिडी धरून, तोंड पाण्यात घालून, तोंडाने वीस श्वास मोजावेत. मन शांत झाले तरच हात सोडावा. नाही झाले तर परत होडीत बसावे. त्यात कमीपणा नाही.

हात लावू नये

प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते बारीक जिवांचे घर आहे. एक ढीग वाढायला माणसाचे आयुष्य जाते आणि एका लाथेने तो मोडतो. त्यावर उभे राहू नये, तुकडा काढू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ राखलेले आहे आणि तुकडा आणणे गुन्हा ठरतो. माशांना पाव-बिस्किटे टाकू नयेत. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ साली जगभर असे पुष्कळ प्रवाळ मेले. त्यात आपल्या पायांची भर नको.

आपल्याकडून जायचे तर नागपूरहून रेल्वेने कोकण रेल्वेचे कुडाळ किंवा कणकवली स्टेशन गाठावे. तिथून मालवणला एस.टी. आणि रिक्षा मिळतात. गाड्यांची वेळ आधी विचारून घ्यावी. दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा, म्हणजे एक सकाळ खराब गेली तरी दुसरी हाती राहते.

एवढे सारे सांगितल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देता येते. पाणी कोणते निवडावे? ज्याला त्याचा ठाव ठाऊक आहे असा माणूस सोबत असेल, ते. मालवणात तो गाबीत नाखवा आहे. गोसीखुर्दच्या काठी तो आपला ढिवर आहे. उद्या येथे जलपर्यटन उभे राहील, तेव्हा कुठे नाव न्यायची आणि कुठे नाही हे त्यालाच आधी विचारले पाहिजे, आणि नावेचे सुकाणूही त्याच्याच पोराच्या हाती असले पाहिजे. तोपर्यंत गावातल्या पोरांना एकच सांगणे: चष्मा घ्या, नळी घ्या, पण धरणात नको. पैसे साठवा, पंचांग पाहा आणि दशमीची सकाळ गाठा.